स्कॉट्स पाइन आपल्या बागेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि घरामागे थोडीफार जमीन असलेल्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. विषय एकच: स्कॉट्स पाइन, या बेटाचा एकमेव मूळचा पाइन. हे झाड मला फार प्रिय आहे. बागेत लावलेला पाइन मेला, की लोक थंडीला किंवा वाऱ्याला दोष देतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: जास्त पाणी, जास्त खत आणि कमी ऊन. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील.

स्कॉट्स पाइन ओळखायचा कसा?

आधी सुया बघा. स्कॉट्स पाइनच्या सुया जोडीने येतात, एका झुबक्यात दोन. लांबी साधारण ४ ते ७ सेंटिमीटर, रंग निळसर हिरवा आणि प्रत्येक सुईला थोडा पीळ. उत्तराखंड-हिमाचलात तुम्ही चीड पाहिला असेल, तर त्याच्या एका झुबक्यात तीन सुया असतात आणि त्या वीतभर लांब असतात. दोघांत घोटाळा व्हायचं कारण नाही.

दुसरी खूण खोडाची. खाली करडी-तपकिरी, भेगाळलेली साल आणि वर जाल तसं कागदासारखे पापुद्रे सुटलेलं नारिंगी-तांबूस खोड. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात हा वरचा भाग पेटल्यासारखा दिसतो. कोवळं झाड शंकूच्या आकाराचं असतं. वय वाढलं, की खालच्या फांद्या गळतात, माथा पसरट होतो आणि प्रत्येक झाडाचा स्वतःचा आकार दिसू लागतो. शास्त्रीय नाव पायनस सिल्व्हेस्ट्रिस. ते लिनियसने १७५३ मध्ये दिलं.

ब्रिटनचे मूळचे सूचिपर्णी वृक्ष तीनच: स्कॉट्स पाइन, यू आणि जुनिपर. त्यातल्या यूबद्दल सावध राहा. त्याची पानं चपटी आणि गडद हिरवी, फळं लाल आणि मऊ असतात. फळाचा लाल गर सोडला तर यूचं जवळजवळ सगळं झाड विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हा फरक नीट दाखवून ठेवा. पाइनचं तसं काही भय नाही. राळ कपड्यांना चिकटते, एवढंच.

मूळचा म्हणजे किती जुना?

शेवटचं हिमयुग ओसरल्यावर, हजारो वर्षांपूर्वी, पाइन ब्रिटनमध्ये पसरला. हवा उबदार आणि दमट होत गेली तशी दक्षिणेत रुंद पानांच्या झाडांनी त्याला मागे सारलं आणि तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात टिकून राहिला. तिथल्या त्या जुन्या जंगलाला कॅलेडोनियन जंगल म्हणतात. लाकूडतोड, मेंढ्या आणि हरणं यांनी त्याचा फडशा पाडला. आज त्याचे तुकडेच उरलेत. अधिकृत यादीत अशी ८४ ठिकाणं आहेत.

जमलं तर बागेत रोप लावण्याआधी यातलं एखादं रान बघून या. अ‍ॅबरनेथी, रोथिमर्कस, ग्लेन अ‍ॅफ्रिक ही सहज जाता येतील अशी ठिकाणं. पश्चिमेकडे लॉक मरीच्या काठी बेन एय आहे. ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य १९५१ मध्ये तिथेच झालं. या रानांत पाइन कशात उभा आहे ते पाहा. पातळ, नापीक, आंबट माती, मध्ये दगडगोटे, खाली हेदरची बुटकी झुडपं आणि झाडाझाडांत भरपूर मोकळी जागा. त्याला काय लागतं हे माहितीपत्रकापेक्षा तिथे लवकर कळतं. २०१४ मध्ये स्कॉटलंडने त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला.

इंग्लंडमध्ये दिसणारे बहुतेक स्कॉट्स पाइन मात्र माणसाने लावलेले आहेत. नॉरफोक-सफोकच्या ब्रेकलंड भागात शेतांच्या कडेने वाकड्यातिकड्या पाइनच्या रांगा आहेत. रेताड माती वाऱ्याने उडू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात ती कुंपणं लावली गेली. पुढे त्यांची छाटणी थांबली आणि वाकलेली झाडं तशीच उंच होत गेली.

तो इथल्या हिवाळ्यात टिकेल का?

हो, आणि याबाबतीत अजिबात चिंता नको. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून पार सायबेरियाच्या पूर्वेपर्यंत आणि लॅपलँडपासून स्पेनच्या डोंगरांपर्यंत हा नैसर्गिकरीत्या वाढतो. इतका विस्तार दुसऱ्या कुठल्याच पाइनचा नाही. ब्रिटनमधलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान उणे २७.२ अंश सेल्सियस. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावात ते १८९५ आणि १९८२ असं दोनदा नोंदलं गेलं, आणि ब्रेमारच्या आसपासच या पाइनची जुनी रानं आहेत. हिवाळ्यात त्याला कापड गुंडाळू नका आणि कुंडी घरातही आणू नका.

समुद्रकिनारी घर असेल तर थोडा विचार करा. खाऱ्या वाऱ्याची थेट झोड बसली, की सुया त्या बाजूने करपतात. भिंत किंवा कुंपण आड असेल तर चालतं.

माझ्या बागेत तो मावेल का?

हा प्रश्न रोप विकत घेण्याआधी स्वतःला विचारायला हवा. नर्सरीतलं हातभर रोप बघून कुणाच्या डोळ्यांसमोर वीस मीटरचं झाड येत नाही. पण पूर्ण वाढलेला स्कॉट्स पाइन २० ते ३५ मीटर उंच होतो, फांद्यांचा पसारा ८ मीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि आयुष्य दोन-तीनशे वर्षांचं असतं. स्कॉटलंडच्या ग्लेन लॉइनमध्ये तर पाचशे वर्षांपेक्षा जुनी झाडं आहेत.

ब्रिटनमधल्या सर्वसाधारण टेरेस घराच्या किंवा नव्या वसाहतीतल्या सेमी-डिटॅच्ड घराच्या बागेत हे झाड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षं छान दिसेल, विसाव्या वर्षी शेजाऱ्यांची कुरकुर सुरू होईल आणि तिसाव्या वर्षी ते तोडावं लागेल. तोपर्यंत त्याला खरं रूपही आलेलं नसेल. त्यापेक्षा बुटकी जात घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

बाग मोठी असेल, तर घरापासून आणि जमिनीखालच्या ड्रेनेजच्या पाइपांपासून निदान दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पुष्कळ घरं आकुंचन पावणाऱ्या चिकणमातीवर उभी आहेत. तिथे मोठं झाड मातीतलं पाणी शोषून घेतं आणि पायाला धोका होऊ शकतो. अशा ठिकाणी सर्व्हेअरला विचारल्याशिवाय घराजवळ कोणतंच मोठं झाड लावू नका. डोक्यावरच्या विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांकडेही बघून घ्या.

कसली माती चालते?

पाण्याचा निचरा होणारी. एवढं जमलं, की बाकी बऱ्याच गोष्टी तो सांभाळून घेतो. वाळूमिश्रित, मुरमाड, दगडगोट्यांची, आंबट ते साधारण उदासीन माती त्याला सर्वांत आवडते. आपल्याकडे ज्या जमिनीला हलकी म्हणून नाक मुरडतात, ती याच्यासाठी उत्तम.

दोन ठिकाणी मात्र तो रडतो. एक, हिवाळाभर पाणी साचणारी जड चिकणमाती. तिथे मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि झाड दोन-तीन वर्षांत हळूहळू पिवळं पडून जातं. दुसरं, चुनखडीवरची पातळ माती, म्हणजे चिल्टर्न्स, साउथ डाउन्स असा भाग. तिथे झाड जगतं, पण सुया फिकट पडतात आणि आयुष्य कमी होतं.

निचरा तपासायला सोपा उपाय आहे. हिवाळ्यात एक फूटभर खड्डा खणा आणि बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी तिथेच असेल तर जागा बदला. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून चिकणमातीतला निचरा सुधारत नाही. पाणी त्या खड्ड्यातच साठत राहतं.

ऊन किती लागतं?

मिळेल तेवढं. पाइन सावलीत वाढूच शकत नाही, असं धरून चाला. दुसऱ्या झाडाखाली किंवा घराच्या उत्तरेला लावलेलं रोप उंच, किडकिडीत आणि विरळ होतं. जुन्या पाइनच्या रानातही नवी रोपं दाट सावलीत येत नाहीत. एखादं झाड पडून आभाळ मोकळं झालं, की तिथे ती उगवतात.

रोप केव्हा आणि किती मोठं घ्यावं?

लहान. यावर मी कितीही वेळा सांगायला तयार आहे: लहान रोप घ्या. वीस ते चाळीस सेंटिमीटरचं, ट्रेच्या कप्प्यात वाढवलेलं किंवा बेअर-रूट, म्हणजे मुळांवर माती नसलेलं रोप काही पौंडांत मिळतं. दोन मीटरचं कुंडीतलं झाड त्याच्या कितीतरी पट महाग असतं आणि आठ-दहा वर्षांत लहान रोप अनेकदा त्याला गाठतं. पाइनची मुळं लवकर खोल आणि लांब जाऊ पाहतात. कुंडीत ती गोल गोल फिरतात, आणि एकदा तशी जून झाली, की जमिनीत लावल्यावरही सरळ होत नाहीत. असं झाड पाच-सात वर्षांनी एखाद्या वादळात मुळासकट कलतं.

बेअर-रूट रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात मिळतात आणि तेव्हाच लावायची असतात. कुंडीतलं रोप वर्षभर मिळतं, पण तेही पावसाळी शरदात किंवा वसंताच्या सुरुवातीला लावलेलं बरं. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर थांबा. बेअर-रूट रोप आणल्यापासून लावेपर्यंत मुळं क्षणभरही उघडी ठेवू नका. पाइनची बारीक मुळं वाऱ्यावर बघता बघता वाळतात.

रोपाच्या लेबलवर "कॅलेडोनियन" किंवा "नेटिव्ह ओरिजिन" लिहिलेलं असतं. त्याने फरक पडतो का?

इंग्लंडमधल्या घरगुती बागेत फारसा नाही. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये राहत असाल तर नक्की पडतो. तिथल्या जुन्या पाइनरानांच्या आनुवंशिक गुणांवरून बियांचे सात विभाग पाडले आहेत. वायव्येकडच्या झाडांचे गुण पूर्वेकडच्या झाडांपेक्षा वेगळे आहेत. वाऱ्यावरून पराग लांब जातात, म्हणून जुन्या रानाच्या जवळ राहणाऱ्याने त्याच भागातल्या बियांचं रोप लावावं. नर्सरीवाल्याला बी कुठलं आहे हे विचारा. चांगल्या नर्सरीला ते सांगता येतं.

लावायचं कसं?

मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद खड्डा घ्या. खड्ड्यात कंपोस्ट, शेणखत, बोनमील काहीही घालू नका. निघालेली मातीच परत भरा. खड्ड्यातली माती सुपीक आणि बाहेरची साधी असली, तर मुळं खड्ड्यातच रेंगाळतात. खोड आणि मुळं जिथे मिळतात तो सांधा जमिनीच्या पातळीवर असावा, खाली गाडला जाऊ नये. माती पायाने हलकी दाबा, एकदा भरपूर पाणी द्या.

आपल्याला सवय आहे ती झाडाभोवती आळं करण्याची. महाराष्ट्रात उन्हाळ्याचे दिवस काढायचे तर आळं हवंच. इथे उलटं आहे. ऑक्टोबर ते मार्च पाऊस असतो, ऊन नसतं, आणि आळ्यात पाणी उभं राहून खोडाचा तळ सडतो. लावल्यावर जमीन सपाट ठेवा, किंचित उंच असली तरी चालेल.

भोवती मीटरभर घेरात गवत येऊ देऊ नका, कारण पहिल्या तीन वर्षांत गवत पाण्यासाठी रोपाशी भांडतं. त्यासाठी सालीच्या तुकड्यांचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन पुरतं. फक्त ते खोडाला टेकू नये. गुडघ्याएवढ्या रोपाला काठीचा आधार लागत नाही. वाऱ्यात डोलूनच त्याचं खोड आणि मुळं जाड होतात. मीटरभराहून मोठं रोप असेल तर एक बुटकी खुंटी, उंचीच्या एक तृतीयांशावर सैल बांधलेली, आणि वर्ष-दीड वर्षात ती काढून टाका.

पाणी किती?

पहिले दोन उन्हाळे लक्ष द्यायचं. एप्रिल ते सप्टेंबर दरम्यान आठ-दहा दिवस पाऊस झाला नाही तर एकदा बादलीभर पाणी सावकाश घाला. रोज तांब्याभर घालू नका. त्याने मुळं वरच राहतात. तिसऱ्या वर्षानंतर जमिनीतल्या झाडाला पाणी घालायची गरज सहसा पडत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाइनचा शेंडा यंदा किती वाढणार हे बरंचसं गेल्या उन्हाळ्यात कळी तयार होतानाच ठरतं. म्हणून कोरड्या उन्हाळ्याचा परिणाम पुढच्या वर्षी आखूड वाढीत दिसतो. लोक त्या वर्षी घाबरून पाणी आणि खत सुरू करतात, आणि चांगल्या झाडाला त्रास देतात.

खत कोणतं द्यावं?

कोणतंच नाही. अति तिथे माती ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. नत्र जास्त झालं, की वाढ लुसलुशीत होते, फांद्या बर्फाच्या भाराने मोडतात आणि मावा वाढतो. हिरवळीसाठी टाकलेलं खतही झाडाच्या घेरापासून लांब ठेवा.

पाइनच्या मुळांवर उपयोगी बुरशी राहतात आणि त्या मातीतलं पाणी आणि स्फुरद झाडाला मिळवून देतात. रानातला पाइन नापीक जमिनीत त्यांच्या बळावरच जगतो. खत जास्त झालं तर हे नातं सैल पडतं. या बुरशीच्या पावडरी बाजारात मिळतात. मला त्या गरजेच्या वाटत नाहीत. नर्सरीतल्या रोपाच्या मुळांवर बहुतेक वेळा बुरशी आधीच असते. काही जण जंगलातली मूठभर माती आणून टाकतात, ते मात्र करू नका. त्याबरोबर रोगही येतो.

किती वेगाने वाढतो?

पहिली दोन वर्षं काही होत नाही असं वाटेल. तेव्हा मुळं पसरत असतात. मग वर्षाला ३० ते ६० सेंटिमीटर. दहा वर्षांत घराच्या तळमजल्याच्या छताइतकं, कधी थोडं जास्त. दरवर्षी शेंड्याखाली फांद्यांचा एक वेढा तयार होतो, त्यामुळे कोवळ्या झाडाचे वेढे मोजून त्याचं वय सांगता येतं. मुलांना हे दाखवा, त्यांना आवडतं.

छाटणी केली तर चालेल का? तो बुटका ठेवता येईल का?

तुळशीचा किंवा मोगऱ्याचा शेंडा खुडला, की दोन्ही बाजूंनी फुटवे येतात. पाइनचं तसं नाही. सुया नसलेल्या जुन्या लाकडावर कापलं, तर तिथून पुन्हा फूट येत नाही. मुख्य शेंडा कापला, तर बाजूच्या एक-दोन फांद्या वर वळतात आणि झाड कायमचं दुशेंडी होतं. वर्षं गेल्यावर नेमकं तिथेच ते फाटतं.

आकार दाट हवा असेल तर एकच वेळ योग्य: मे अखेर ते जून. तेव्हा नवी वाढ उभ्या, फिकट दांड्यांसारखी असते, सुया अजून उलगडलेल्या नसतात. इथले माळी याला कँडल म्हणतात. या कँडल बोटांनी अर्ध्यावर मोडायच्या. कात्री लावली, तर सुया अर्धवट कापल्या जाऊन त्यांची टोकं तपकिरी पडतात. बोन्साय करणारेही कँडल अशाच मोडतात. पण साठ सेंटिमीटर वाढ होणाऱ्या मोठ्या झाडावर हे वर्षानुवर्षं करणं जमत नाही. बुटकं हवं असेल तर बुटकी जातच लावा.

खालच्या वाळलेल्या फांद्या काढायच्या असतील तर हिवाळ्यात काढा, राळ कमी गळते. खोडालगतची फुगीर कडा शाबूत ठेवा, जखमेला काही लावू नका.

सुया पिवळ्या पडून गळताहेत. झाड मरतंय का?

महिना कोणता आहे आणि कुठल्या सुया गळताहेत ते आधी बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आतल्या बाजूच्या दोन-तीन वर्षं जुन्या सुया पिवळ्या होऊन गळणं अगदी नैसर्गिक आहे. सदाहरित झाडही सुया बदलतं, फक्त सगळ्या एकदम बदलत नाही. फांद्यांच्या टोकाच्या सुया हिरव्यागार असतील तर निर्धास्त राहा.

टोकाच्या, यंदाच्या सुया फिकट पडत असतील तर मुळांकडे बघा. बहुतेक वेळा पाणी साचलेलं असतं किंवा कुंडी भरून मुळं गुंडाळलेली असतात.

सुयांवर लालसर आडवे पट्टे दिसले आणि टोकाकडून तपकिरी होत त्या गळत असतील, तर तो डोथिस्ट्रोमा नावाच्या बुरशीचा रोग असू शकतो. यात जुन्या सुया गळून फांदीच्या टोकाला फक्त नव्या सुयांचा गोंडा उरतो. हा रोग ब्रिटनच्या पाइन लागवडींत बराच पसरला आहे आणि स्कॉटलंडच्या जुन्या रानांसाठी खरी चिंता आहे. दमट, कोंदट हवेत तो वाढतो, म्हणून झाडाभोवती हवा खेळती हवी. घरगुती बागेत फवारणीचा उपयोग नाही. गळलेल्या सुया गोळा करा आणि ट्रीअलर्ट या सरकारी ऑनलाइन सेवेवर फोटोसह कळवा. एका बागेतली नोंदही तिथल्या शास्त्रज्ञांच्या कामी येते.

किडींमध्ये सॉफ्लाय या माशीसारख्या किड्याच्या अळ्या घोळक्याने एखादी फांदी सुयांविना करून टाकतात. लहान झाडावर त्या हाताने काढून टाकाव्यात. कोवळे शेंडे आतून पोखरून खाली पडत असतील तर ते पाइनच्या भुंगेऱ्याचं काम. निरोगी झाड त्यातून सावरतं.

ससे आणि हरणं रोप खातात. उपाय?

जाळी. सशांसाठी ६० सेंटिमीटर पुरते, रो हरणांसाठी १.२ मीटर लागते. रेड डिअर ही मोठी हरणं येत असतील तर १.८ मीटर. दुसरं काही खात्रीने चालत नाही.

जागा कमी आहे. बुटक्या जाती कोणत्या?

माझी पहिली पसंती ब्यूव्ह्रोनेन्सिस. घुमटासारखा दाट, निळसर आणि खूप सावकाश वाढणारा. कित्येक वर्षं कमरेच्या आसपास राहतो. दगडी वाफ्यात किंवा मोठ्या कुंडीत शोभतो. वॉटररी हा सुंदर निळसर प्रकार १८६५ च्या सुमारास सरे परगण्यातल्या हॉर्सेल कॉमनवर सापडला. तो "बुटका" म्हणून विकला जातो, पण खरं तर फक्त हळू वाढतो आणि काही दशकांत चांगला मोठा होतो. ऑरिया आणि गोल्ड कॉइन उन्हाळ्यात हिरवे असतात आणि ऐन हिवाळ्यात सोनेरी पिवळे होतात. डिसेंबरच्या अंधारलेल्या दिवसांत तो रंग मनाला उभारी देतो. फास्टिजिआटा खांबासारखा अरुंद वाढतो, पण जोराच्या बर्फात त्याच्या फांद्या फाकतात.

कुंडीत लावताना मातीयुक्त मिश्रणात एक चतुर्थांश जाड वाळू किंवा बारीक खडी घाला आणि कुंडीला पाय द्या म्हणजे पाणी वाहून जाईल. जमिनीतल्या झाडाला दिलेली सूट कुंडीतल्याला नाही: उन्हाळ्यात पाणी चुकवू नका आणि वसंतात थोडं सावकाश विरघळणारं खत द्या. दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदला.

बियांपासून करता येईल का?

येईल, आणि माझ्या मते याहून आनंदाची पद्धत नाही. पाइनच्या शंकूला पिकायला दोन वर्षं लागतात: मे-जूनमध्ये परागण, पुढच्या वर्षी फलन आणि त्याच वर्षाच्या शेवटी शंकू तयार. बिया बाहेर पडतात त्यानंतरच्या वसंतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत, अजून मिटलेले, तपकिरी झालेले शंकू गोळा करा. जमिनीवर पडलेले उघडे शंकू बहुधा रिकामे असतात.

शंकू उबदार खोलीत कागदावर ठेवले, की काही दिवसांत उघडतात आणि पंख असलेल्या बिया झटकून निघतात. बी फार हलकं: हजार बियांचं वजन सहा ग्रॅमच्या आसपास. ओलसर वाळूत मिसळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. त्याने उगवण एकसारखी होते. मार्च-एप्रिलमध्ये खोल, अरुंद कुंड्यांत अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीवर पेरा. उंदीर आणि पाखरं बिया उचलतात, वर जाळी टाका. दोन ते चार आठवड्यांत कोंब येतो. त्याच्या माथ्यावर बारीक बीजपत्रांचं चक्र असतं. पहिल्या वर्षी सुया एकेकट्या येतात, जोड्या पुढच्या वर्षी दिसतात. म्हणून पहिल्या वर्षीचं रोप बघून "हे पाइन नव्हेच" असं समजून उपटू नका. कोंब जमिनीलगत बारीक होऊन कोसळत असतील तर पाणी कमी करा आणि हवा द्या.

झाडाखाली काही उगवत नाही, माती आंबट होते म्हणतात. खरं आहे का?

सुयांचा थर कुजताना वरचा पातळ थर थोडा आंबट होतो, पण बागेतली माती त्याने बिघडत नाही. पाइनखाली झाडं तग धरत नाहीत ती कोरडेपणामुळे आणि सावलीमुळे. स्कॉट्स पाइनची सावली तशी विरळ असते. हेदर, बिलबेरी, फर्न आणि शरदात फुलणारं सायक्लामेन त्याखाली चांगलं होतं. गळलेल्या सुया झाडून टाकू नका, तेच सर्वांत चांगलं आच्छादन आहे. मे-जूनमध्ये पिवळा पराग गाडीवर आणि खिडक्यांवर बसेल. तो पाण्याने जातो, आणि गवताच्या परागांसारखा त्रास सहसा देत नाही.

कोणते पक्षी येतील?

गोल्डक्रेस्ट आणि कोल टिट हे दोघे जवळजवळ नक्की. गोल्डक्रेस्ट ब्रिटनमधला सर्वांत छोटा पक्षी, वजन पाच-सहा ग्रॅम. तो सुयांमधले किडे टिपतो. नशीब असेल तर क्रॉसबिल येतात, ज्यांची चोच शंकूच्या खवल्यांतून बी काढण्यासाठीच एकमेकांवर आडवी झालेली आहे. स्कॉटिश क्रॉसबिल तर जगात फक्त स्कॉटलंडच्या पाइनरानांतच आहे. उत्तरेकडच्या बागांत लाल खारी शंकू कुरतडताना दिसतात.

ख्रिसमसला कुंडीतला पाइन घरात ठेवून नंतर बागेत लावता येईल का?

तो मुळांसकट कुंडीतच वाढवलेला असेल तर हो. घरात दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त नको, रेडिएटरपासून लांब, माती ओलसर. बाहेर काढताना आधी काही दिवस शेडमध्ये किंवा आडोशाला ठेवा. खोड कापून विकलेलं झाड काहीही केलं तरी जगणार नाही.

शेजारी आणि काउन्सिल यांचे नियम काय?

शेजाऱ्याला त्याच्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत कापायचा हक्क आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये उंच कुंपणाबद्दलचा २००३ चा कायदा आहे. तो रांगेतल्या दोन किंवा अधिक सदाहरित झाडांना लागतो, एकट्या झाडाला नाही. स्कॉटलंडमध्ये असाच कायदा २०१३ मध्ये झाला.

घर घेतलं आणि बागेत जुना पाइन आहे, तर करवत उचलण्याआधी काउन्सिलकडे चौकशी करा. त्या झाडावर संरक्षणाचा आदेश असेल तर परवानगीशिवाय फांदी कापणंही गुन्हा ठरतो. इंग्लंडमध्ये कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे काउन्सिलने जपणूक क्षेत्र ठरवलेल्या भागात असाल आणि दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास साडेसात सेंटिमीटरहून जास्त असेल, तर सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

हाच पाइन पुण्याला किंवा महाबळेश्वरला आई-बाबांच्या बागेत लावता येईल का?

नाही. त्याला लांब, खराखुरा हिवाळा लागतो. सह्याद्रीतला चार महिन्यांचा पाऊस आणि त्यानंतरची ऊब तो सोसणार नाही. महाराष्ट्रात मूळचा पाइन कुठलाच नाही. पुण्याच्या नर्सऱ्यांत "ख्रिसमस ट्री" म्हणून मिळतो तो अरौकेरिया, आणि कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तर सूचिपर्णीही नाही, जरी त्याची छोटी फळं शंकूसारखी दिसत असली. आई-बाबांना सुट्टीत इकडे बोलवा आणि अ‍ॅबरनेथीला घेऊन जा.

मग निदान हिमालयातल्या पाइनच्या बिया इकडे आणू का?

सामानात टाकून आणू नका. लागवडीची रोपं आणि पाइनचं बी ब्रिटनमध्ये आणायला फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि भारतात नेतानाही असेच कडक नियम आहेत. ही निव्वळ कागदपत्रांची कटकट नाही. पाइन सुकवून मारणारा सूत्रकृमी, म्हणजे एक सूक्ष्म जंत, उत्तर अमेरिकेतून जपानमध्ये पोहोचला आणि १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये सापडला. दोन्ही देशांत पाइनची रानंच्या रानं त्याने वाळवली. हिमालयातला निळसर, लांब सुयांचा कैल हवाच असेल तर तो ब्रिटनमधल्या नर्सऱ्यांत भूतान पाइन नावाने मिळतो. घेताना रोपावर प्लांट पासपोर्टचं, म्हणजे रोप तपासणीच्या नियमांत बसत असल्याचं लेबल आहे का ते बघा.